पुरात बुडालेले आउटबोर्ड मशीन: विकत घेण्यापूर्वी काय पाहावे

गणपतीच्या आसपास, मासेमारीची बंदी उठून समुद्र जरा निवळू लागला की कोकणच्या खाडीकाठी जुन्या आउटबोर्ड मशिनांचे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांचे, व्यवहार सुरू होतात. ज्या वर्षी मोठा पूर येऊन गेलेला असतो, त्या वर्षी अशी मशिने जरा जास्त संख्येने आणि जरा जास्त स्वस्तात मिळतात. झाकणावर नवे स्टिकर असतात, पंखा घासून लखलखीत केलेला असतो आणि विकणारा दोरी ओढून एका झटक्यात मशीन सुरू करून दाखवतो. तो आवाज ऐकला की घेणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. खाडीकाठी आउटबोर्ड दुरुस्तीचे काम करताना मी हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे आणि एकदा, पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, स्वतःही त्यात सापडलो आहे. मशीन सुरू झाले म्हणजे ते धड आहे, हा समज आधी डोक्यातून काढून टाकावा लागतो, कारण पुरात बुडालेले मशीन बहुतेक वेळा सुरू होतेच आणि ते बंद पडते ते नंतर, पाण्यावर असताना.

आउटबोर्ड हे पाण्यासाठीच बनवलेले असते, मग ते बुडाले तर बिघडले काय, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात आणि तो अगदीच चुकीचा नाही. मशीनचा खालचा भाग, म्हणजे पंखा, गिअर आणि त्यावरचा दांडा, आयुष्यभर पाण्यातच राहण्यासाठी केलेला असतो. झाकणाखालचा वरचा भाग मात्र तसा नसतो. तिथे मशीन श्वास घेते, तिथेच कार्बोरेटर, फ्लायव्हील म्हणजे वरचे जड चाक, कॉइल आणि वायरी असतात, आणि आत पोलादाचा क्रँक म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्यांची बेअरिंगे असतात. दोन-स्ट्रोक मशीनमध्ये ही बेअरिंगे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलच्या पातळ थरावर जगतात, आणि हवा आत येण्याची जी वाट आहे त्याच वाटेने पुराचे पाणी थेट त्यांच्यापर्यंत पोहोचते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. मशीन पाण्याखाली असते तोवर आतले पोलाद फार वेगाने गंजत नाही, कारण तिथे हवा कमी असते. ते बाहेर काढले, आतले पाणी निम्मे निथळले आणि ओल्या पोलादाला हवा लागली की काही तासांतच गंजाची सुरुवात होते. म्हणूनच जाणते मेकॅनिक सांगतात की बुडालेले मशीन काढल्याबरोबर उघडता येणार नसेल, तर ते उघड्यावर वाळत टाकण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या पिंपात पुन्हा बुडवून ठेवावे. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण ती थट्टा नाही. तेव्हा मशीन किती वेळ पाण्यात होते, यापेक्षा पाण्यातून काढल्यावर ते किती वेळाने उघडले, हा प्रश्न मोठा आहे. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्याच सुमारास सावित्रीने महाड बुडवले, तेव्हा हा प्रश्न किती मोलाचा आहे ते आमच्या भागाने पाहिले. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवशी किती तरी मशिने होडीवर नव्हतीच. ती पडवीत, खोपटात, वर्कशॉपच्या कोपऱ्यात लाकडी घोड्यावर टांगलेली होती. पाणी ओसरल्यावर आधी घरातला चिखल निघाला, मग धान्य, कपडे, दुकान. मशीनकडे पाहायला कोणाला उसंत नव्हती, आणि ज्या मेकॅनिककडे न्यायचे त्याच्याच वर्कशॉपमध्ये गाळ होता, शिवाय वीज नव्हती. मशीन उघडेपर्यंत दिवस गेले, कुठे कुठे आठवडे गेले. यात कोणाचा दोष नाही. पण असे मशीन नंतर वरून धुऊन, कार्बोरेटर साफ करून, नवे प्लग घालून बाजारात येते तेव्हा त्याच्या पोटात काय चालले आहे, हे घेणाऱ्याने स्वतःच शोधावे लागते.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा हंगाम चालू होता, मशिने होड्यांवर होती आणि जी बुडाली ती खाऱ्या पाण्यात. म्हणून मशीन केव्हा आणि कुठे बुडाले, हे विचारून घेणे केवळ कुतूहल नाही. खारे पाणी ॲल्युमिनियम आणि वायरींना खाते. जोडांवर पांढरी बुकटी आणि तांब्यावर हिरवा थर दिसतो. नदीच्या पुराचे पाणी गोडे, म्हणून लोक ते निरुपद्रवी समजतात. पण त्यात बारीक गाळ असतो, गटारांचे पाणी असते, गॅरेजमधून वाहून आलेले जुने ऑईल असते. हा गाळ पिठासारखा बारीक असतो, बेअरिंगमध्ये बसतो आणि ऑईलबरोबर मिसळून पॉलिशच्या मेणासारखा घासत राहतो. माझे विचाराल तर इलेक्ट्रिकल भागांसाठी मला खाऱ्या पाण्याची भीती जास्त वाटते आणि बेअरिंगांसाठी गाळाची.

दुसरा प्रश्न असा, की बुडाले तेव्हा मशीन चालू होते की बंद? पडवीत टांगलेले मशीन पाण्याखाली गेले तर आत पाणी आणि गाळ जातो, एवढेच. होडी उलटून चालते मशीन बुडाले तर सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाते, आणि पाणी काही दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो किंचित वाकला तरी मशीन सुरू होते, चालते, आणि कधी तरी मोडते. बंद असताना बुडालेल्या मशीनचेही असे होऊ शकते: पूर ओसरल्यावर मालकाने प्लग न काढता उत्साहाने दोरी ओढली किंवा स्टार्टर मारला, तर तोच रॉड तसाच वाकतो. त्यामुळे "पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढले होते का?" हेही विचारावे. खरे सांगणारा मालक या प्रश्नावर आठवून बोलतो. दलाल बहुधा विषय बदलतो.

माझी स्वतःची गोष्ट २०२१च्या ऑक्टोबरची. पंधरा अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक मशीन एका दलालाकडून घेतले. दुसऱ्या झटक्यात सुरू झाले, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार व्यवस्थित पडत होती, आवाज गोड होता. किंमत कमी का, असे विचारल्यावर मालकाने मोठे मशीन घेतले म्हणून, असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले, कारण पटवून घ्यायची मला घाई होती. दीड महिना ते उत्तम चालले. डिसेंबरात एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी, ओहोटी लागलेली असताना, आधी एक बारीक खुळखुळ ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात तांदूळ हलवावे तशी, आणि मी गती कमी करेपर्यंत मशीन आवळले, म्हणजे आतून जाम झाले. नांगर टाकला म्हणून होडी बाहेर लाटा फुटतात तिकडे गेली नाही. दोन तासांनी दुसऱ्या होडीने ओढून आणले. उघडल्यावर रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचे रोलर हातावर घेतले, तर गुळगुळीत असायला हवेत त्या जागी खळगे होते, मुंगीने कुरतडल्यासारखे, आणि त्या खळग्यांत काळा गंज. मग मी एक काम केले जे घेण्यापूर्वी करायला हवे होते: स्टार्टरची दोरी शेवटपर्यंत ओढून पाहिली. बाहेरचा हातभर भाग नवा पांढरा दिसत होता, आणि चाकावर गुंडाळलेले आतले दोन वेढे चहाच्या रंगाचे, त्यांच्या पिळात वाळलेली माती.

पाहणी कशी करावी

पाहणीला दिवसा जावे आणि विकणाऱ्याला आधीच सांगावे की मशीन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर झाकण काढून सिलिंडरला हात लावावा. तो कोमट असेल तर चहा घ्यावा, तासभर गप्पा माराव्यात आणि थंड होऊ द्यावे. थंड मशीन कसे उठते हे पाहिल्याशिवाय बाकी काही पाहण्यात अर्थ नाही.

सुरुवात दोरीपासून करावी, कारण तिला एक पैसा लागत नाही. ती हळूहळू पूर्ण बाहेर काढा आणि शेवटचे वेढे पाहा. दोरी सगळीच नवी असेल तर तो गुन्हा नाही, पण मग तिच्या खोबणीत आणि स्प्रिंगच्या डबीत टॉर्चने बघा. त्यानंतर झाकणाची आतली बाजू. बऱ्याच मशीनमध्ये तिथे आवाज दाबण्यासाठी स्पंजासारखा थर चिकटवलेला असतो. तो बाहेरून धुता येतो, पण बोटाने दाबला की आतली माती पाण्याच्या डागासारखी वर येते, किंवा निदान कुबट वास येतो. तो थर कोणी ताजाच उपटून काढलेला असेल आणि गोंदाच्या खुणा राहिल्या असतील, तर का काढला हे विचारा.

पाणी चढते तेव्हा एका पातळीला काही काळ थांबते आणि तिथे रेघ सोडते. घराच्या भिंतीवर जशी पुराची रेघ राहते, तशी ती मशीनवरही असते, फक्त धुण्याच्या हाताला न पोहोचणाऱ्या जागी: फ्लायव्हीलच्या खाली, वायरींच्या जाळीच्या पोटात, पकडीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत, रबरी बुचांच्या मागे. छोटा आरसा आणि टॉर्च सोबत ठेवावा. वायरींचे दोन-तीन जोड सोडवून आतल्या पिना पाहाव्यात. पिना हिरव्या पडलेल्या असतील किंवा त्यांवर ताजे ग्रीस भरपूर थापलेले असेल, तर दोन्हींचा अर्थ साधारण एकच. रंगाकडेही नीट बघा. चांगल्या दुरुस्तीत रंग फक्त धातूवर असतो. घाईच्या दुरुस्तीत तो नळ्यांवर, वायरींवर, बोल्टच्या खाचेतल्या गंजावर सगळीकडे उडालेला असतो.

कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा स्क्रू असतो. त्याखाली काचेचा ग्लास धरून तो सैल करावा आणि आतले पेट्रोल ग्लासात घेऊन पाच मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाला वेगळे बसते, गाळ असेल तर दिसतो. आता पंपावर मिळणारे पेट्रोल इथेनॉल मिसळलेले असते आणि ते थोडे पाणी पोटात घेते, त्यामुळे ग्लास स्वच्छ दिसला तरी वाटीच्या आतली भिंत पाहणे चांगले. पांढरट खरबरीत थर म्हणजे तिथे पाणी मुक्कामाला होते. अर्थात कार्बोरेटर ही मशीनमधली साफ करायला सर्वांत सोपी वस्तू आहे, म्हणून तो स्वच्छ निघाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. घाण निघाला तर मात्र पुष्कळ सिद्ध होते.

आता प्लग काढावेत. सगळे एकदम काढावेत, सुरक्षेची दोरी किल्लीपासून सोडवून ठेवावी म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. इथे घाई करू नका, कारण ही दोन मिनिटे सगळ्या पाहणीत मोलाची आहेत. धड मशीनमध्ये हाताला एकसारखा, तुपकट विरोध जाणवतो. गंजलेल्या बेअरिंगमध्ये एखाद्या जागी खरखर लागते, दाण्यावरून चाक गेल्यासारखी, आणि ती प्रत्येक फेरीत त्याच जागी लागते. विकणारा म्हणेल की बरेच दिवस बंद आहे म्हणून तसे लागते. बंद मशीन जड लागते, हे खरे. खरखरीत लागत नाही.

मोबाईलला जोडता येणारा बारीक नळीचा कॅमेरा आता सहज मिळतो आणि महागही नाही. तो प्लगच्या भोकातून आत सोडून सिलिंडरची भिंत पाहावी. पिस्टन ज्या जागी थांबलेला असताना पाणी शिरले, तिथे भिंतीवर आडवी कड उमटते, कधी गंजाची तांबूस तर कधी नुसती करडी. ती बोटाला न लागण्याइतकी फिकट असेल तर मशीन वाया गेले असे नाही, पण ते बुडाले होते हे नक्की, आणि आता गंज फक्त भिंतीवर आहे की खाली बेअरिंगमध्येही, एवढाच प्रश्न उरतो.

वाकलेला रॉड शोधायला एक जुनी युक्ती आहे. सायकलच्या चाकाची आरी प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवावी, फ्लायव्हील फिरवून पिस्टन सर्वांत वर आणावा आणि भोकाच्या काठाशी आरीवर खूण करावी. दुसऱ्या सिलिंडरमध्येही तसेच करून दोन्ही खुणा जुळतात का पाहावे. ज्या सिलिंडरचा रॉड वाकला आहे, त्याचा पिस्टन तेवढाच खाली राहतो. आरी दोन्ही वेळा एकाच कोनात धरली पाहिजे, एवढे सांभाळा. या कामाला कोणी केरसुणीची हीर वापरू नये. ती आत मोडते आणि मग ज्याचे मशीन त्याच्याशी बोलणे अवघड होते.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरला तितकेच झटके द्यावेत. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. लहान दोन-स्ट्रोक मशीनमध्ये तो बहुधा १०० पीएसआयच्या वर असतो. पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. एक सावधगिरी मात्र ठेवा: कॉम्प्रेशन उत्तम आले म्हणून क्रँकची बेअरिंगे उत्तम आहेत असे होत नाही. हे मोजमाप पिस्टन आणि रिंगांबद्दल बोलते, बेअरिंगांबद्दल गप्प राहते. माझ्या त्या पंधराच्या मशीनचे कॉम्प्रेशन दोन्हीकडे छान होते.

दोन-स्ट्रोकमध्ये बेअरिंगे थोडीफार प्रत्यक्ष पाहता येतात. कार्बोरेटर आणि त्यामागची पाकळ्यांची झडप काढली की क्रँकचा काही भाग उघडा पडतो आणि कॅमेऱ्याने रॉडचे मोठे टोक दिसते. चकचकीत करडा रंग चांगला. तपकिरी ठिपके वाईट. विकणारा एवढे उघडू देईलच असे नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. पण किंमत मोठी असेल तर मी हे पाहिल्याशिवाय विसार देत नाही.

चार-स्ट्रोक मशीन असेल तर

चार-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळे साठवलेले असते, त्यामुळे डिपस्टिक बरेच काही सांगते. दुधाळ, फेसाळ ऑईल म्हणजे पाणी. पण विकायला काढलेल्या मशीनमध्ये ऑईल बहुधा नवेच घातलेले असते, म्हणून ऑईल भरायच्या टोपीची आतली बाजू आणि फिल्टर पाहावा. तिथे पिवळट लोण्यासारखा लेप राहून जातो. झडपांवरचे झाकण काढू दिले तर कॅमशाफ्टवर गंजाचे ठिपके आहेत का बघावे. यातल्या अनेक मशीनमध्ये सुरू करताना दाब आपोआप कमी करणारी व्यवस्था असते, म्हणून कॉम्प्रेशनचा आकडा कमी आला तरी लगेच घाबरू नये. पुस्तिकेतला आकडा पाहून तुलना करावी.

खरी जोखीम इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, मशीनमध्ये आहे. त्यात संगणकाची पेटी, सेन्सर, दाबाचा पंप आणि शेकडो पिनांचे जोड असतात. पेटी आतून बंद असते आणि ती पुष्कळदा वाचते, पण जोडांत शिरलेली ओल महिन्यांनी डोके वर काढते, तेही असे की मशीन वर्कशॉपमध्ये चालते आणि समुद्रात अडखळते. मशीन वर-खाली करणारी विजेची मोटर आणि स्टार्टर हेही पाण्याने मरतात. बुडालेले मोठे इंजेक्शन मशीन स्वस्तात मिळत असले तरी मी कोणाला घ्या म्हणून सांगत नाही, मग विकणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.

गिअरच्या ऑईलबद्दल थोडक्यात. खालचा स्क्रू सैल करून थोडे ऑईल काढावे. दुधाळ असेल तर सील गेले आहे. हा दोष न बुडालेल्या मशीनमध्येही सर्रास आढळतो, पुराशी त्याचा फारसा संबंध नाही, आणि सील बदलणे हे परवडणारे काम आहे. गंमत अशी की बहुतेक गिऱ्हाईक हेच एक तपासते आणि खाली स्वच्छ ऑईल पाहून वरच्या भागाबद्दल निर्धास्त होते.

चालवून पाहणे

पिंपात बुडवून चालवलेले मशीन धार पडते की नाही आणि आवाज कसा आहे, एवढेच सांगते. त्यात पंख्यावर खरा भार नसतो. मशीन होडीवर लावून, नेहमीची माणसे आणि नेहमीचे वजन घेऊन, निदान अर्धा तास चालवावे, त्यातली काही मिनिटे पूर्ण गतीने. स्वतःची टाकी, ताज्या पेट्रोलमध्ये पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात ऑईल घालून न्यावी. बऱ्याच दोन-स्ट्रोक मशीनसाठी हे प्रमाण ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑईल असे असते. विकणाऱ्याच्या टाकीत काय आहे हे आपल्याला माहीत नसते. ही चाचणी खाडीच्या आतच आणि दुसरी होडी जवळ असताना घ्यावी, हे वेगळे सांगायला नको, पण मी स्वतः तसा वागलो नव्हतो म्हणून सांगतो.

पूर्ण गतीवर चढते का, मधेच दम तोडते का, आणि गती एकदम कमी केल्यावर ती तांदळाची खुळखुळ येते का, ते ऐकावे. परत आल्यावर प्लग काढून दोन्हींचा रंग जुळतो का पाहावे. मग मशीन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा सुरू करावे. शक्य असेल तर एक रात्र मधे जाऊ द्यावी. चार-स्ट्रोकमध्ये रात्रीत ऑईलमधले पाणी खाली बसते आणि सकाळी ते दिसते. गरम असताना ते दिसत नाही. रात्रभर थांबायला नकार देणाऱ्या विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक खरोखर असू शकते. तसे असेल तर ते त्यालाच जाऊ द्यावे.

पुरात बुडालेले मशीन आणि पुरात चाललेले मशीन यांत फरक आहे, आणि हे दुसरे प्रकरण ऑगस्ट २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर अनेकांच्या लक्षात आले. बचावकार्यात वापरलेले मशीन दिवसच्या दिवस गढूळ पाण्यात चालते. त्याची बेअरिंगे बहुधा ठीक असतात. झिजतो तो पाणी खेचणारा रबरी पंखा, आणि तुंबतात त्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटा. धार बारीक पडते, मशीन लवकर तापते. पंप बदलून, थर्मोस्टॅट काढून त्यामागचा गाळ साफ केला तर असे मशीन अनेक वर्षे चालते. होडी ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याच्या पात्यांवर दगड-तारांच्या खुणा असतील तर दांडा वाकलेला नाही ना, हे फिरवून पाहावे. पूर हा शब्द ऐकून असे मशीन नाकारण्याचे कारण नाही.

कागद

मशीनचा क्रमांक होडीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. काही मशीनमध्ये तो ब्लॉकवरही असतो. दोन्ही जुळतात का आणि विकणाऱ्याच्या खरेदीच्या पावतीवर किंवा नौकेच्या नोंदणीत तोच आहे का, हे पाहावे. पट्टी उचकटलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण तो प्रश्न आता पुराचा राहत नाही. पुरानंतर तलाठ्याने पंचनामा केला असेल आणि त्यात हे मशीन असेल, तर त्याची प्रत मागावी. विम्याचा दावा केला होता का, हेही विचारावे. पूर्ण नुकसान म्हणून पैसे दिलेले मशीन भंगाराच्या मार्गाने पुन्हा बाजारात येऊ शकते. आणि बुडालेल्या मशीनला कंपनीची वॉरंटी साधारणतः उरत नाही, म्हणून "अजून वॉरंटीत आहे" या वाक्याला भुलू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्न तोंडी विचारून उत्तर लेखी घ्यावे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार विकणारा एखाद्या गोष्टीबद्दल नुसता गप्प राहिला, तर ती सहसा फसवणूक धरली जात नाही. खोटे सांगितले तर मात्र घेणाऱ्याला करार रद्द करून मागता येतो. त्याच कायद्यात असेही आहे की साध्या काळजीने जे कळू शकले असते ते न पाहता, विकणारा गप्प बसला किंवा त्याने नकळत चुकीचे सांगितले अशी तक्रार नंतर केली, तर ती टिकणे कठीण. म्हणून पावतीवर मशीनचा क्रमांक, तारीख, किंमत आणि "हे मशीन पाण्यात बुडालेले नाही" किंवा "अमुक दिवशी बुडाले होते व अमुक भाग बदलले आहेत" असे वाक्य लिहून सही घ्यावी. आमच्याकडे ओळखीत असे लिहून मागणे अपमानाचे समजतात. मी लिहून मागतो आणि चहा माझ्याकडून देतो.

घ्यावेच का, आणि केवढ्याला

बुडालेले प्रत्येक मशीन टाकाऊ नसते. लहान दोन-स्ट्रोक, बंद असताना गोड्या पाण्यात बुडालेले, त्याच दिवशी उघडून धुऊन ऑईल घालून चालवलेले आणि त्यानंतर एक हंगाम कामाला असलेले मशीन मी घेईन, थोड्या कमी किंमतीत. बुडून अनेक दिवस पडलेले मशीन मात्र चालते मशीन म्हणून घेऊ नये. त्याचा खालचा भाग, ब्रॅकेट, झाकण आणि पंखा यांची सुटे भाग म्हणून जी किंमत होईल तेवढीच त्याची किंमत, कारण वरचा भाग पूर्ण खोलून क्रँक, बेअरिंगे, सील आणि गॅस्केट बदलण्याचा खर्च जुन्या चांगल्या मशीनच्या किंमतीजवळ सहज जातो. हिशोब करताना आधी आपल्या मेकॅनिककडून त्या मॉडेलच्या क्रँकची किंमत आणि तो मिळतो की नाही हे विचारून घ्यावे. जुन्या मॉडेलचे काही भाग येणेच बंद झालेले असते.

एवढे करूनही घेतलेच, तर पहिल्याच आठवड्यात गिअरचे ऑईल, प्लग, पाण्याचा पंप आणि पेट्रोलच्या नळ्या बदलाव्यात, सगळे वायर जोड सोडवून साफ करावेत आणि दहा-बारा तास चालल्यावर फ्लायव्हील पुन्हा हाताने फिरवून पाहावे. आधी नसलेली खरखर आता लागली तर मशीन त्याच दिवशी उतरवावे. पहिला महिना खाडीच्या तोंडाबाहेर एकट्याने जाऊ नये. होडीत दोन वल्ही, पुरेशा लांब दोराचा नांगर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चार्ज केलेला मोबाईल असावा, आणि निघताना किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून निघावे की ओहोटी लागण्यापूर्वी परत येतो.